ऑगस्टीन यांच्या गळ्यात गुलाबी हृदये

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत संत ऑगस्टीन यांना अख्खे पान दिलेत, त्याबद्दल आभार. पण मधल्या चौकटीत गुलाबी हृदयांची माळ काढून ‘प्रेम करा आणि हवे ते करा’ असे छापण्याची कल्पना ज्यांची असेल, त्यांना आमचा कोपरापासून नमस्कार कळवावा. व्हॅलेंटाइन डेला अजून अवकाश आहे.

वाक्य ऑगस्टीन यांचेच आहे, तक्रार त्याबद्दल नाही. बायबलमधल्या योहानाच्या पहिल्या पत्रावर त्यांनी उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोमध्ये, जिथे ते बिशप होते, दहा प्रवचने दिली, साधारण इ.स. ४०७ च्या सुमारास. त्यातल्या सातव्या प्रवचनाचा आठवा परिच्छेद उघडावा. तिथे बाप मुलाला मारतो आहे आणि गुलामांचा व्यापारी त्याला गोंजारतो आहे. यातले प्रेम कोणाचे? तेव्हा कृती वरून गोड की कडू यावर जाऊ नका, मुळाशी काय आहे ते बघा; गप्प बसा, ओरडा, सुधारा, सोडून द्या, जे कराल ते प्रेमापोटी करा, असा तो सगळा मुद्दा आहे. हा व्यापारीही हवेतून आणलेला नव्हता. उतारवयातले त्यांचे एक पत्र योहानेस दिव्याक यांना सापडलेल्या आणि १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पत्रांत आहे. आफ्रिकेतली माणसे पळवून जहाजात कोंबणाऱ्या टोळ्यांबद्दल त्यात लिहिले आहे आणि हिप्पोतल्या ख्रिस्तसभेच्या लोकांनी सुमारे १२० जणांना सोडवल्याची हकिगतही आहे.

आणि बापाच्या छडीचे काय? ती तर त्याहून अडचणीची. त्या प्रवचनांमागे, आफ्रिकेतल्या मुख्य ख्रिस्तसभेपासून फुटलेल्या डोनॅटिस्ट पंथाशी चाललेला झगडा होता. सम्राट होनोरियसने ४०५ मध्ये या पंथाविरुद्ध फर्मान काढले. आधी सक्ती नको म्हणणारे ऑगस्टीन याच काळात सक्तीकडे झुकले आणि त्या पंथातल्याच एका गटाचा बिशप व्हिन्सेंटियस याला लिहिलेल्या ९३व्या पत्रात आपले मत बदलल्याचे त्यांनी स्वतःच सांगितले. पुढे कित्येक शतके धर्माच्या नावाने दंडुका उगारणाऱ्यांनी त्यांचाच दाखला दिला. त्यांच्या वारशातली ही सर्वांत अवघड जागा. तुम्ही नेमकी तिथेच हृदये चिकटवलीत!

‘जग हे पुस्तक आहे, प्रवास न करणारे त्याचे एकच पान वाचतात’ हे शेजारच्या चौकटीतले वाक्य त्यांच्या कुठल्याच ग्रंथात नाही. सहलींच्या जाहिरातींत मात्र भरपूर सापडेल.

तपासणे काही कठीण नाही. ऑगस्टीन यांच्या ग्रंथांना खंड, प्रकरण, परिच्छेद असे क्रमांक असतात आणि भाषांतर कोणतेही घ्या, ते सहसा तेच राहतात. ‘मला शुद्धता दे, पण इतक्यात नको’ हे त्यांच्या ‘कन्फेशन्स’ या आत्मकथनात ८.७.१७ वर मिळते. मिलानच्या बागेत त्यांच्या कानी पडलेले ‘घे, वाच’ हे शब्द ८.१२.२९ वर. क्रमांक मिळाला नाही तर अवतरण छापू नये. मिळाला तर आधीच्या-नंतरच्या दहा ओळी वाचाव्यात, नाहीतर पोपच्या अधिकाराचा दाखला म्हणून त्यांच्या नावावर फिरणाऱ्या ‘रोम बोलले, वाद मिटला’सारखी गत होते. १३१व्या प्रवचनात ‘रोम बोलले’ हे शब्दच नाहीत. पेलॅगियसच्या मताबद्दल (देवाच्या कृपेवाचून माणूस स्वबळावर चांगला होऊ शकतो, या) दोन धर्मसभांचे निर्णय रोमला पोपकडे पाठवले, तिथून उत्तरे आली, वाद संपला, एवढेच तिथे म्हटले आहे. आणि लगेच पुढे, ही चूकही एकदाची संपो! ते पुढचे वाक्य छापायला कोणालाच जागा नसते.

जागेवरून आठवले. ४२६-२७ मध्ये सत्तरी ओलांडलेल्या या बिशपांनी आपले ९३ ग्रंथ एकेक करून पुन्हा तपासले आणि कुठे काय चुकले ते लिहून ठेवले. तुमच्याकडे शुद्धिपत्राला आतल्या पानावर, नाट्यगृहांच्या जाहिरातींखाली, दोन ओळी मिळतात.

लेखासोबतच्या छायाचित्राबद्दलही सांगतो. जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टीन चर्चचा तो मनोरा ‘भूकंपात कोसळला’ आणि ‘घंटा ढिगाऱ्यात गडप झाली’ ही ओळ कोणी लिहिली? पोर्तुगीज सरकारने १८३५ मध्ये ऑगस्टीनियन धर्मसंघाला बाहेर काढले, मठ ओस पडला, देखभालीला कोणी उरले नाही. १८४२ मध्ये चर्चचे छत खाली आले. दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा भाग पडला तो १९३१ मध्ये. मूळ मनोरा सुमारे ४६ मीटर उंच, जांभ्या दगडाचा. घंटा आधी आग्वाद किल्ल्यावर नेली गेली आणि १८७१ पासून ती पणजीच्या इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चमध्ये आहे. पायऱ्या चढून गेलात तर दर्शनी भागात वरच टांगलेली दिसेल.

– एक वाचक, वसई