पर्यायी फंक्शन तपासायचे कसे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मच्छीमार सोसायट्यांच्या सभासदयाद्या आणि डिझेलच्या नोंदी ठेवणारे छोटे प्रोग्राम आपल्याकडचे विद्यार्थी सी भाषेत लिहितात, ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र प्रयोगशाळेतील नव्या लिनक्सवर असलेले एखादे लायब्ररी फंक्शन (सी भाषेबरोबर तयार मिळणारा कोड) सोसायटीच्या जुन्या संगणकावर नसते, तेव्हा विद्यार्थी त्याची स्वतःची पर्यायी आवृत्ती जोडतात आणि परीक्षक ‘कंपाइल झाले’ (यंत्राच्या भाषेत रूपांतर झाले) एवढ्यावर सही करतात. परीक्षकाच्या संगणकावर मूळ फंक्शन उपलब्ध असल्यामुळे पर्यायी कोड तिथे जोडलाच जात नाही, म्हणजे ज्याची तपासणी करायची ते चालवून पाहिलेलेच नसते.

मजकूर ठरावीक आकाराच्या जागेत (बफरात) उतरवणाऱ्या ‘स्ट्रएलकॉपी’चे (strlcpy) उदाहरण घ्या. हे फंक्शन ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये 1998 साली आले, पण लिनक्सवरील नेहमीच्या सी लायब्ररीने, म्हणजे जीलिबसीने (glibc), ते 2023 मधील 2.38 या आवृत्तीत स्वीकारले. मधल्या काळात अनेक प्रकल्पांनी त्याची आपापली प्रत बाळगली. मूळ फंक्शन किती बाइट उतरवले हे सांगत नाही, तर मूळ मजकुराची पूर्ण लांबी परत देते. ‘रत्नागिरी’ हा शब्द यूटीएफ-8 या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत 27 बाइटांचा आहे. 20 बाइटांच्या बफरात त्याचे 19 बाइट राहतात आणि सातवे चिन्ह मधेच तुटते. मूळ फंक्शनही ते तोडतेच, पण 27 हा आकडा परत आल्याने काटछाट झाल्याचे कळते. पर्यायाने 19 परत दिले, तर तुटके नाव बिनबोभाट यादीत जाते.

दोन मजकुरांची तुलना करणाऱ्या ‘स्ट्रकंप’च्या (strcmp) पर्यायात बाइट अधिक-उणे चिन्हाविना (unsigned) धरून तुलना करावी लागते. साधा ‘कॅर’ (char) हा प्रकार वापरला, तर इंटेलच्या यंत्रावर देवनागरी बाइट ऋण ठरून मराठी नावे रोमन नावांच्या आधी लागतात आणि एआरएम लिनक्सवर नंतर. इंग्रजी नावांवर चाचणी घेणाऱ्याला हा दोष कधीच दिसणार नाही. स्मृतीचा भाग एकाच बाइटने भरणाऱ्या ‘मेमसेट’ची (memset) गंमत तर वेगळीच आहे : पर्यायात आपण लिहिलेला लूप ओळखून जीसीसी हा कंपायलर त्याजागी ‘मेमसेट’लाच हाक घालू शकतो, आणि फंक्शन स्वतःलाच बोलावत राहते.

विंडोजवरील व्हिज्युअल स्टुडिओच्या 2015 पूर्वीच्या आवृत्त्यांत बफराच्या आकारात मजकूर रचणारे ‘एसएनप्रिंटएफ’ (snprintf) नसे, म्हणून नावाआधी अधोरेखा लावलेल्या जुन्या फंक्शनला (_snprintf) मॅक्रोने, म्हणजे कंपाइल होण्याआधी नाव बदलणाऱ्या सूचनेने, तेच नाव देण्याची युक्ती आजही दिसते. बफर भरला की ते फंक्शन मजकूर संपल्याची खूण असलेला शेवटचा शून्य बाइट लिहीत नाही, त्यामुळे हा पर्याय तपासणीत सरळ नाकारावा.

उपाय खर्चिक नाही. पर्यायी फंक्शनला वेगळे नाव देऊन ते नव्या संगणकावरही सक्तीने कंपाइल करावे. मग रिकामा मजकूर, काठोकाठ भरलेला बफर, शून्य आकार आणि मराठी नावे मूळ आणि पर्यायी अशा दोन्ही फंक्शनांना देऊन उत्तरे ताडून पाहावीत. प्रात्यक्षिक परीक्षेत या चाचणीला स्वतंत्र गुण ठेवावेत, अशी अभ्यास मंडळाला आपल्या पत्राद्वारे विनंती आहे.

आपला,
सी भाषेचा एक शिक्षक, रत्नागिरी