काजव्यांच्या दिवसांत गाड्या शेंडीलाच थांबवा : वनमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय वनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात काजव्यांच्या हंगामात रात्रीची वाहने थांबवून पायी दर्शनाची व्यवस्था करण्याबाबत

महोदय,

मे महिन्याच्या अखेरीस वळवाच्या एक-दोन सरी पडून गेल्या की अकोले तालुक्यातील मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी या गावांच्या शिवारात हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशी झाडे रात्री काजव्यांनी लखलखू लागतात. एकाच झाडावरचे असंख्य काजवे एका लयीत उजळतात आणि एका लयीत विझतात, आणि ती लय शेजारच्या झाडाने उचललेलीही पुष्कळदा दिसते. पाऊस जोराने लागला की हे सारे थांबते. म्हणजे वर्षाकाठी जेमतेम दोन-तीन आठवडे. हे पत्र मी त्या दोन-तीन आठवड्यांसाठी लिहीत आहे.

मी नाशिकची राहणारी असून गेली 22 वर्षे या डोंगरांत पायी हिंडते आहे. कळसूबाईच्या शिखरावर (1646 मीटर) बारी गावातून किती वेळा चढले याची मोजदाद मी ठेवलेली नाही. पहिल्यांदा काजवे पाहिले ते रतनवाडीत. आम्ही ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या महादेव कोळी शेतकऱ्याने जेवणानंतर आम्हाला अमृतेश्वराच्या देवळाच्या पलीकडे बांधाबांधाने नेले, बॅटऱ्या विझवायला लावल्या आणि बोलू नका म्हणून सांगितले. सुरुवातीला काहीच दिसेना. माणसाच्या डोळ्यांना अंधार पुरता सरावायला वीस मिनिटे ते अर्धा तास लागतो, हे मला पुढे वाचून कळले. त्यांना ते सवयीनेच माहीत होते. अर्ध्या तासाने समोरचा सादडा बुंध्यापासून शेंड्यापर्यंत दिसू लागला, आणि आमच्यातले कोणीही तासभर जागचे हलले नाही.

गेल्या जूनमधल्या एका शनिवारी मी माझ्या भाचीला घेऊन त्याच बाजूला गेले. एका सहल आयोजकाच्या बसमध्ये आम्ही जागा घेतली होती, आणि हा निर्णय माझा चुकला हे मान्य करते. भंडारदरा धरणाजवळच्या शेंडी गावाच्या पुढे, धरणाच्या जलाशयाला वळसा घालणाऱ्या अरुंद रस्त्यावर गाड्यांची रांग लागली होती. प्रत्येक गाडीचे दिवे पुढच्या गाडीवर आणि कडेच्या झाडांवर पडत होते. रस्त्यालगतची झाडे काळीच राहिली. काजवे होते ते दूर, खाचरांच्या पलीकडे. तिकडे जाण्यासाठी लोक मोबाइलचा उजेड पाडत झाडांखालून धावत होते आणि काही मुलांच्या हातांत काजवे भरलेल्या बाटल्या होत्या. आयोजकाकडून सूचना एकच मिळाली, ती परत निघण्याच्या वेळेची. भाचीने मला विचारले, की काजवे आपल्याला घाबरतात का.

या प्रश्नाचे उत्तर मी आपल्यापुढे मांडू इच्छिते, कारण त्यावरच माझी मागणी उभी आहे. काजव्याचा उजेड हा नर आणि मादी यांच्यातला संकेत असतो. नर लुकलुकत उडतात किंवा झाडावर बसून उजळतात, तर मादी बहुधा खाली, गवतात किंवा पाल्यावर बसून मंद प्रकाशाने उत्तर देते. अनेक जातींमध्ये तिला उडताही येत नाही. प्रौढ काजव्याचे आयुष्य काही दिवसांचे, फार तर दोन-तीन आठवड्यांचे. त्याआधीचा मोठा काळ तो अळीच्या रूपात ओलसर मातीत आणि पालापाचोळ्यात गोगलगायी, गांडुळे खाऊन काढतो. म्हणून ज्या रात्री झाडावर गाडीचा झोत पडतो, त्या रात्री त्या झाडावरचा संवाद तुटतो, आणि तो पुढे जुळवून घ्यायला काजव्याकडे दिवस उरलेले नसतात. झाडाखाली धावणाऱ्या पायांखाली तर नेमक्या माद्याच सापडतात. त्यांची अंडीही तिथल्याच मातीत जायची असतात.

दरवर्षी हंगामाच्या तोंडावर वनविभाग सूचना काढतो. फ्लॅश वापरू नका, झाडाजवळ जाऊ नका, गोंगाट करू नका, असे त्यात असते आणि ते योग्यच आहे. तथापि, या सूचना माणसाच्या वागणुकीला उद्देशून आहेत, आणि अडचण गाडीची आहे. शेकडो गाड्या एकदा त्या रस्त्यावर सोडल्यानंतर मूठभर वनरक्षकांनी आणि वनमजुरांनी प्रत्येक चालकाला दिवे मंद करायला सांगावे, ही अपेक्षा त्यांच्यावर अन्याय करणारी आहे. शिवाय घाटातल्या रस्त्यावर रात्री दिवे बंद करून गाडी चालवा असे कोणी सांगूही शकत नाही. त्यामुळे गाडी आत येऊच नये, एवढाच मार्ग मला खरा वाटतो.

माझी विनंती अशी आहे. काजव्यांच्या हंगामात सूर्यास्तानंतर पर्यटकांच्या खासगी गाड्या आणि बस शेंडी येथेच थांबवाव्यात. ज्यांनी वळशावरच्या गावांत मुक्काम घेतला आहे त्यांनी उजेडी गावात पोहोचावे आणि नंतर गाडी हलवू नये. प्रत्येक गावातून एक किंवा दोन पायवाटा ठरवाव्यात, त्या अंधारातही पायाला कळतील अशा दोरीने किंवा दगडांनी आखाव्यात, आणि गावातला प्रशिक्षित वाटाड्या सोबत असल्याशिवाय त्यांवर कोणाला जाऊ देऊ नये. वाट सोडून झाडाखाली जाणे पायी माणसालाही बंद असले पाहिजे, कारण पायी येणाराही माद्या तुडवू शकतो. बॅटरीवर लाल कागद लावणे सक्तीचे असावे. एका वाटेवर एका रात्री किती माणसे, हा आकडा मी सुचवत नाही. तो गावकऱ्यांनी आणि कीटकांच्या अभ्यासकांनी एकत्र बसून ठरवावा.

कायद्याने हे शक्य आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या कलम 28 नुसार पर्यटनासाठी अभयारण्यात प्रवेशाचा परवाना मुख्य वन्यजीव रक्षक देतात आणि त्याला अटी घालता येतात. अभयारण्यातले रहिवासी आणि सार्वजनिक रस्त्याने जाणारे यांना कायद्याने वेगळी सूट आहे, त्यामुळे रस्त्यावरील वाहतुकीसाठी जिल्हाधिकारी आणि पोलीस यांनाही सोबत घ्यावे लागेल. गावकऱ्यांची वाहने, रुग्णवाहिका आणि एस.टी. यांना कोणताही अडथळा होता कामा नये, हे मी मुद्दाम लिहिते. शहरातल्या पाहुण्यांसाठी केलेल्या नियमांचा भार गावच्या बाळंतिणीवर पडल्याचे प्रसंग डोंगरी भागाला नवे नाहीत.

संपूर्ण बंदीची मागणीही काही निसर्गप्रेमी मित्र करतात. त्यांची तळमळ मला समजते, पण मी त्या बाजूची नाही. या गावांचे पोट भातावर आणि हिरड्यासारख्या वनउपजावर आहे. भाताची रोपे अजून टाकायची असतात, हाताशी रोख पैसा नसतो, अशा नेमक्या वेळी काजवे येतात आणि तंबू, जेवण, वाटाड्याची मजुरी या रूपाने चार पैसे घरात येतात. पायी दर्शन झाले तर वाटाड्यांची गरज वाढेल, एका तासात बघून परत फिरणारा पाहुणा मुक्कामाला राहील, आणि मोठ्या आयोजकांकडे जाणारा पैसा अधिक प्रमाणात गावात राहील. प्रवेशशुल्काचा ठरलेला वाटा गावांच्या समित्यांकडे थेट जावा, म्हणजे जुने झाड तोडण्यापेक्षा ते उभे ठेवण्यात गावाचाही फायदा राहील. काजव्यांना ही जुनी, मोठी झाडेच लागतात.

यासाठी बाहेर उदाहरण शोधण्याची गरज नाही. साताऱ्याजवळच्या कास पठारावर फुलांच्या हंगामात रोजच्या पर्यटकांची संख्या ठरवली आहे, ऑनलाइन आरक्षण घ्यावे लागते, गाड्या पठारापासून दूर उभ्या राहतात, आणि कारभारात कास, एकीव, आटाळी, कुसुंबी या गावांचा सहभाग आहे. तिथेही तक्रारी आहेत, पण फुलांच्या हंगामात लोक गाडीतून उतरून चालतात, ही सवय तिथे रुजली. फुलांसाठी जे जमले ते काजव्यांसाठी जमावे.

ज्यांना चालणे शक्य नाही अशा वृद्ध आणि दिव्यांग पाहुण्यांसाठी अंधार पडण्यापूर्वी शेंडीहून गावापर्यंत सोडणारी आणि ठरलेल्या एकाच वेळी परत आणणारी मिनी बस ठेवता येईल. गावापासून जवळची एक सपाट वाट त्यांच्यासाठीच राखावी.

आणखी एक गोष्ट दिव्यांची. जलाशयाच्या काठाने निवासाच्या जागा वाढत आहेत, त्यांच्या अंगणांत रात्रभर पांढरे झगझगीत दिवे लागलेले असतात आणि तंबूंवर माळा सोडलेल्या असतात. या तीन आठवड्यांसाठी बाहेरचे दिवे बंद किंवा झाकलेले ठेवण्याची अट निवासाच्या परवानगीत घालावी. काजव्यांच्या ठिकाणी रोषणाईचे कमानीदार प्रवेशद्वार उभारण्याचा प्रस्ताव कोणी आणलाच, तर तो कृपया मंजूर करू नये.

दिवसाच्या भटकंतीविषयी, म्हणजे कळसूबाईच्या शिड्यांवरची गर्दी, हरिश्चंद्रगडावरचा कचरा, सांदण दरीतला गोंगाट यांविषयी लिहिण्यासारखे पुष्कळ आहे. ते मी येथे वाढवत नाही, कारण त्या तक्रारींवर वर्षभर काम करता येईल. काजव्यांच्या बाबतीत मात्र वेळेला फार महत्त्व आहे. सूचना मेच्या मध्यावर निघाल्या तर तोवर आयोजकांच्या सहली भरलेल्या असतात, गावांनी आगाऊ रकमा घेतलेल्या असतात, आणि मग कोणतीही नवी अट सर्वांनाच जाचक वाटते. म्हणून या अभयारण्याच्या सल्लागार समितीची बैठक फेब्रुवारीत घ्यावी, तीत वळशावरच्या प्रत्येक ग्रामसभेचा माणूस बोलावावा, आणि निर्णय मार्चअखेर जाहीर करावा. पहिल्या वर्षी सगळीकडे जमत नसेल तर मुरशेत ते घाटघर एवढ्याच रस्त्यावर करून पाहावे आणि त्या बाजूच्या झाडांची नोंद रतनवाडीच्या बाजूशी ताडून पाहावी. ही नोंद ठेवण्यासाठी रात्रीमागून रात्री बसायला स्वयंसेवक लागतील, त्यांत मी माझे नाव आताच देते.

आपली नम्र,
सह्याद्रीत पायी हिंडणारी एक नागरिक,
नाशिक