ब्रेकचं काम पुन्हा करून घ्या

ती. बाबा आणि ती. आईस,
सा. न.

बाबा, ब्रेकचे पॅड (चाकाबरोबर फिरणारी चकती, म्हणजे डिस्क, दाबून धरणाऱ्या पट्ट्या) बदलूनही गाडी एका बाजूला ओढते, त्यावर ‘नवे पॅड आहेत, बसायला वेळ लागतो’ हे मेकॅनिकचं म्हणणं तुम्ही फोनवर सांगितलंत. मला ते पटलं नाही. वाद नको म्हणून तेव्हा गप्प बसले, आता लिहिते आहे. नवे पॅड सुरुवातीला थोडा आवाज करतात, इथपर्यंत त्याचं बरोबर आहे. पण ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढते, म्हणजे दोन्ही चाकं सारखी धरत नाहीत. ते आपोआप सुधारेल म्हणून वाट बघायची नसते.

आई, जुने पॅड मागून घेतलेस आणि कुठला पॅड कुठला त्याच्या चिठ्ठ्या चिकटवून फोटो पाठवलास, हे फार बरं केलंस. (बाबा तर बिलही न वाचता खिशात टाकतात.) फोटो मोठा करून पाहिला. उजव्या चाकाचा आतला पॅड पार पत्र्यापर्यंत गेलाय आणि बाहेरच्यावर निम्म्याहून जास्त लायनर (घासला जाणारा थर) शिल्लक आहे. एकाच चाकाचे दोन पॅड असे वेगळे झिजले, तर कॅलिपर (दोन्ही पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा) ज्या पिनांवर सरकतो त्या जाम झाल्याची शंका पहिली. कॅलिपरमधला पिस्टन आतला पॅड दाबतो, पण कॅलिपर सरकत नाही, म्हणून बाहेरचा नीट दाबलाच जात नाही. तसं असेल तर उजवं चाक कमी धरणार आणि गाडी डावीकडे जाणार. पिना काढून, साफ करून, ब्रेकचं खास ग्रीस लावून बसवल्याशिवाय नवे पॅडही तसेच जातील. बिलात याचा उल्लेख नाही. मला तर हे सरळ पाट्या टाकलेलं काम वाटतं.

शिवाय पॅड पत्र्यापर्यंत गेला होता, तर डिस्कवर चरे पडले असणार. डिस्कची जाडी मोजायला सांगा. किमान किती हवी तो आकडा बहुतेक डिस्कवरच कोरलेला असतो, त्यामुळे ‘चालून जाईल’ला जागा नाही. पेडल मऊ लागत असेल तर ब्रेक ऑइलच्या लाइनमध्ये हवा असू शकते, तेही त्याला सांगा.

आता भीड पडते त्याबद्दल. मेकॅनिक जुना ओळखीचा आहे, त्याला वाईट वाटेल, हे मला कळतं. भांडू नका, आवाजही चढवू नका. बिलाचा नंबर, तारीख, आणि गाडी नेमकी कधी व कुठल्या बाजूला ओढते एवढं लिहून मेसेज करा आणि ट्रायल त्यालाच मारायला लावा. आधी त्यालाच संधी द्या. दुसऱ्याने चाक खोललं की ‘त्यानेच बिघडवलं’ म्हणायला तो मोकळा. नाहीच ऐकलं, तर दुसऱ्या मेकॅनिककडून खोलायच्या आधी आणि नंतर फोटो काढून घ्या, काय सापडलं ते लेखी घ्या, आणि मगच पैसे परत मागा. चाकाचे नट पुन्हा बसवल्यावर टॉर्क पान्यानेच (नेमक्या ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या) आवळायला सांगा.

ब्रेक नीट होईपर्यंत तुम्ही गाडी जागची हलवायची नाही. मेकॅनिकला घरी बोलवा, नाहीतर टो करून न्या. आई, चावी तुझ्याकडे ठेव. बाबा ‘कोपऱ्यापर्यंतच जातो’ म्हणतील, तरी देऊ नकोस.

मेसेज पाठवण्याआधी मला दाखवा. संध्याकाळी फोन करते.

तुमची,
लेक