बॉयलरच्या धुराची तपासणी कारखान्याच्या खर्चाने व्हावी, पसंतीने नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१९२३ चा कायदा रद्द होऊन २०२५ मध्ये नवा बॉयलर कायदा आला, त्याचे उद्योगजगताने स्वागत केले आणि ते योग्यच होते. मात्र आधीच्या कायद्याप्रमाणेच हाही कायदा बॉयलर फुटू नये यासाठी आहे; त्याच्या चिमणीतून काय बाहेर पडते याच्याशी त्याला कर्तव्य नाही. बॉयलरच्या प्रमाणपत्राची मुदत संपली की तो पेटवायची मालकाची छाती होत नाही. धुराचा विषय १९८१ च्या हवा कायद्याखाली प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे येतो आणि तिथे हा धाक दिसत नाही. नोकरीची बहुतेक वर्षे बॉयलर हाऊसमध्ये गेल्यामुळे हा फरक मी जवळून पाहिला आहे, म्हणून हे पत्र.

धुराचा नमुना घ्यायचा म्हणजे चिमणीवरच्या प्लॅटफॉर्मवर चढून, तिथल्या छिद्रातून नळी आत सरकवून, थिंबल नावाच्या लहानशा गाळणीतून धूर ठरावीक वेळ ओढून घ्यायचा आणि तिच्यात साचलेल्या धुळीचे वजन करायचे. नळीच्या तोंडाशी धुराचा वेग चिमणीतल्या वेगाइतकाच राखावा लागतो, नाही तर आकडा चुकतो. काम कौशल्याचे आहे आणि ते प्रामाणिकपणे करणारे तंत्रज्ञ मी पाहिले आहेत. पण कारखान्याने वेळोवेळी मंडळाला जो अहवाल द्यायचा, त्यासाठी प्रयोगशाळा निवडतो कारखाना, तिचे बिल भागवतो कारखाना आणि तारीख ठरते तीही कारखान्याच्या सोयीने. तारीख कळली की काय होते, ते भट्टी पेटवणाऱ्या कोणत्याही फायरमनला विचारावे. आदल्या पाळीतच सायक्लोनमधली, म्हणजे धूर गरगर फिरवून त्यातली धूळ खाली पाडणाऱ्या पिंपातली, राख काढली जाते. एरवी भट्टीत जाणारी ओली लाकडे, चिंध्या, प्लास्टिकचे तुकडे ताडपत्रीखाली जातात आणि कोरड्या ब्रिकेटची (भुसा दाबून केलेल्या इंधनाच्या विटांची) पोती फुटतात. वाफेचा लोड उतरवला जातो. अहवालातला आकडा मर्यादेच्या आत बसतो आणि गाडी फाटकाबाहेर पडली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. जादा हवा सोडून धूर पातळ करण्याची युक्ती नियमाने केव्हाच ओळखली आहे. हवा मिसळली की धुळीबरोबर धुरातला कार्बन डायऑक्साइडही विरळ होतो, म्हणून तर धुळीचे प्रमाण तो १२ टक्के आहे असे धरून काढायचे असते. म्हणजे नियम करणाऱ्यांना चलाखी कळत नाही असे नाही. तपासणारा कोणी निवडायचा, या प्रश्नाला मात्र त्यांनी हात घातला नव्हता.

शेजारच्या गुजरातमध्ये २००९ ते २०११ या काळात नेमका हाच प्रश्न प्रयोगाने तपासला गेला. एस्तेर दुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन या अर्थतज्ज्ञांनी तिथल्या मंडळाच्या सहकार्याने अहमदाबाद आणि सुरत परिसरातले कारखाने घेतले. जुन्या पद्धतीत कारखान्याने नेमलेल्या ऑडिटरांचे आकडे मर्यादेच्या जेमतेम खाली दाटीवाटीने गोळा झालेले आढळले. प्रत्यक्षात त्यांतल्या कित्येक चिमण्या मर्यादा ओलांडत होत्या. काही कारखान्यांसाठी मग ऑडिटर सोडतीने नेमले, त्यांचे मानधन मध्यवर्ती निधीतून ठरावीक दराने दिले आणि त्यांच्या नमुन्यांची अधूनमधून फेरतपासणी केली. अहवाल खरे येऊ लागलेच, शिवाय त्या कारखान्यांनी प्रदूषणही कमी केले. एकही मर्यादा न बदलता हे घडले, याकडे आपल्या राज्याने लक्ष द्यायला हवे.

अर्थात मर्यादांविषयीही बोलायला हवेच. केंद्राच्या पर्यावरण संरक्षण नियमांनुसार तासाला २ टनांपेक्षा कमी वाफ देणाऱ्या बॉयलरला एका घनमीटर धुरात १२०० मिलिग्रॅम धूळ सोडता येते, २ ते १० टनांना ८००, १० ते १५ टनांना ६०० आणि त्यापुढे फक्त १५०. याचा अर्थ असा की १६ टन वाफ एकाच बॉयलरमधून काढली तर जेवढी धूळ चालते, त्याच्या सुमारे आठपट धूळ तेवढीच वाफ दहा लहान बॉयलरमधून काढल्यावर चालते. कारखाना चालवायला मंडळ जे संमतिपत्र देते, त्यात त्याला अधिक कडक अट घालता येते आणि ती पुष्कळदा घातलीही जाते. पण मुळातली सवलत गेलेली नाही. इचलकरंजी काय किंवा भिवंडी काय, सायझिंगचे, म्हणजे सुताला खळ लावणाऱ्या कारखान्यांचे, लहान बॉयलर तर घरांना लागून आहेत. कोळशाच्या अशा लहान बॉयलरची चिमणी किमान ९ मीटर किंवा शेजारच्या इमारतीच्या अडीचपट, यांपैकी जी जास्त असेल तेवढी उंच हवी. शेजारी बैठ्या घराच्या जागी चार मजले चढले, तेव्हा चिमणी वाढवल्याचे मी तरी पाहिलेले नाही. गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांवर काजळीचे ठिपके पडतात ते त्यामुळेच.

जानेवारी २०१८ मध्ये औद्योगिक बॉयलरसाठी सल्फर डायऑक्साइड आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांच्या मर्यादा आल्या, हे बरे झाले. पण पीव्हीसी प्लास्टिक जाळल्यावर निघणारा हायड्रोजन क्लोराइड हा आम्लारी वायू, डायॉक्सिन हे विषारी द्रव्य किंवा कोळशातला पारा थिंबलमधल्या धुळीच्या वजनात दिसत नाही. औष्णिक वीज केंद्रांसाठी पाऱ्याची मर्यादा २०१५ मध्येच जाहीर झाली आणि अमेरिकेने २०१३ च्या नियमांत मोठ्या औद्योगिक बॉयलरनाही पारा व हायड्रोजन क्लोराइड यांची बंधने घातली. आपल्या लहान बॉयलरवर अशी महागडी चाचणी लगेच लादावी असे मी म्हणणार नाही. भट्टीत काय जाते त्याची बिले आणि वजनकाट्याच्या पावत्या तपासल्या, तरी निम्मे काम होईल.

लहान मालकाला बॅग फिल्टर (धूर कापडी पिशव्यांतून गाळणारे यंत्र) परवडत नाही, ही तक्रार खोटी नाही. गुजरातमधल्या काही औद्योगिक वसाहतींप्रमाणे सामायिक बॉयलरमधून वाफ पुरवणे हा त्यावरचा उपाय आहे आणि तो शासनाच्या मदतीशिवाय उभा राहणार नाही. पण तपासणीची फी मालक आजही भरतोच. तीच रक्कम त्याने मंडळाकडे जमा करावी आणि मंडळाने मान्यताप्राप्त प्रयोगशाळांतून सोडतीने एकीला, आगाऊ तारीख न कळवता, पाठवावे. ऑगस्ट २०२५ च्या पर्यावरण लेखापरीक्षण नियमांत केंद्राने परीक्षकाच्या सोडतीने नेमणुकीचे तत्त्व स्वीकारले आहे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने चिमणीच्या प्रत्येक नमुन्याला ते लागू करावे आणि संमतिपत्राच्या नूतनीकरणापूर्वी त्या कारखान्याचे सर्व अहवाल, त्या दिवशीचे इंधन आणि वाफेचा लोड यांच्या नोंदीसह, संकेतस्थळावर ठेवावेत.

आपला,
एक निवृत्त बॉयलर अटेंडंट,
इचलकरंजी