बाण एका आकड्यापुढे, अर्थ शेजारच्या ओळीत

महोदय,

सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या तपासणीचा, रिपोर्ट हातात पडला की आपण आधी ठळक छापलेले आकडे शोधतो. माझ्या धाकट्या बहिणीच्या रिपोर्टात असे तीन आकडे होते. आरबीसी काउंट ५.८, पुढे वरचा बाण. हिमोग्लोबिन ११.२, पुढे खालचा बाण. एमसीव्ही ६४, तिथेही खालचाच बाण. "ताई, पेशी जास्त आणि हिमोग्लोबिन कमी, असं कसं?" असं तिने विचारलं. मी थोरलेपणाच्या अधिकाराने सांगून टाकलं, "पेशी भरपूर आहेत, काळजी नको. आयर्नच्या गोळ्या घे, हिमोग्लोबिनही वाढेल." डॉक्टरांना न विचारता तिने चार महिने गोळ्या घेतल्या. पोट बिघडलं आणि हिमोग्लोबिन ११.३ वर अडकलं. ही चूक माझी होती. ती आणखी कोणाकडून होऊ नये, म्हणून हे पत्र.

आरबीसी काउंट म्हणजे एका मायक्रोलिटर रक्तात किती दशलक्ष तांबड्या पेशी आहेत, याची मोजणी. बऱ्याच लॅबच्या रिपोर्टवर पुरुषांसाठी साधारण ४.५ ते ५.५ आणि स्त्रियांसाठी ३.८ ते ४.८ अशी मर्यादा असते. ती लॅबनुसार थोडी बदलते, म्हणून आपल्याच रिपोर्टवर छापलेली पाहावी. पण हा आकडा फक्त पेशी किती ते सांगतो. पेशी केवढ्या आहेत ते एमसीव्ही सांगतो. तो सर्वसाधारणपणे ८० ते १०० फेम्टोलिटर असतो. बहिणीच्या पेशी संख्येने जास्त, पण आकाराने बारीक होत्या.

लोह कमी पडलं की पेशी बारीक होतात आणि बहुधा त्यांची संख्याही घटते. थॅलेसेमिया मायनर या आनुवंशिक रक्तदोषाच्या सौम्य प्रकारात मात्र पेशी बारीक असूनही संख्या चांगली, कित्येकदा जास्तच असते. एमसीव्हीला आरबीसी काउंटने भागायचं: उत्तर १३ पेक्षा कमी आलं तर थॅलेसेमिया मायनरची शंका, जास्त आलं तर लोहाच्या कमतरतेची. १९७३ पासून हा मेंट्झर निर्देशांक वापरात आहे. बहिणीचं उत्तर ११ आलं. हा नुसता इशारा, निदान नव्हे. डॉक्टरांनी फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) आणि हिमोग्लोबिन ए-२ (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) तपासायला सांगितलं. फेरिटिन व्यवस्थित होतं, म्हणजे लोहाची उणीव नव्हतीच. ए-२ ५.२ टक्के निघालं. साधारण साडेतीनच्या वर गेलं की बीटा थॅलेसेमियाची वाहक, म्हणजेच थॅलेसेमिया मायनर, समजतात.

ती ठणठणीत आहे, तिला औषधाची गरज नाही. पण पती-पत्नी दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता २५ टक्के असते, आणि अशा मुलाला जन्मभर रक्त चढवत राहावं लागतं. तिचं लग्न ठरलं आहे. होणाऱ्या नवऱ्याने स्वतःहून तपासणी करून घेतली, त्याचं ए-२ २.६ टक्के आलं. त्या दिवशी बहीण तो कागद हातात धरून कितीतरी वेळ बसून होती.

काउंट वाढण्याची इतरही कारणं असतात: शरीरातलं पाणी कमी होणं, धूम्रपान, उंच प्रदेशातलं वास्तव्य, क्वचित पॉलिसायथेमिया व्हेरासारखा अस्थिमज्जेचा आजार. रक्तस्राव, बी-१२ची कमतरता, मूत्रपिंडाचा जुना विकार यांत तो घटतो. गरोदरपणात रक्तातला द्रव वाढल्यानेही तो कमी दिसतो. शिवाय ही मर्यादा बहुधा निरोगी लोकांपैकी ९५ टक्क्यांवरून ठरवलेली असते, त्यामुळे जेमतेम बाहेर गेलेला आकडा म्हणजे आजारच, असं नाही.

लॅबचालकांना माझी कळकळीची विनंती आहे. एमसीव्ही कमी आणि आरबीसी काउंट जास्त असेल तेव्हा "थॅलेसेमियाच्या तपासणीबाबत डॉक्टरांशी बोलावे" एवढी एक ओळ रिपोर्टखाली मराठीत छापावी. आणि संपादक महोदय, आपल्या आरोग्य पुरवणीत एखाद्या रक्तविकारतज्ज्ञाकडून सीबीसीचा अख्खा रिपोर्ट ओळीओळीने उलगडून घ्यावा.

आपली,
एक नियमित वाचक