कमरेचा दोर

बेळगाव,
१२ नोव्हेंबर

प्रिय दोस्ता,

परवा तुझ्या लेकीचा फोन आला होता, तुला बोलली की नाही माहीत नाही. कॉलेजच्या पोरांबरोबर डोंगरात जाणार आहे, म्हणून "काका, तुमची ती मोठी सॅक द्याल का" असं विचारत होती. सॅक काय, देतोच. पण बोलता बोलता म्हणाली, "बाबांनी सांगितलंय, नाला आडवा आला तर कमरेला दोर बांधायचा आणि दुसरं टोक झाडाला. तुम्ही दोघांनी तसंच केलं होतं ना?" मी "हो" म्हणालो आणि फोन ठेवला. त्या रात्री झोप काही लागली नाही. सकाळी उठून तिला फोन केला आणि जे सांगायचं ते सांगितलं. आता तुला सांगतो. फोनवर तू हसण्यावारी नेतोस, म्हणून पत्र.

झालं असं, की ऑक्टोबरच्या शेवटी भाच्याला घेऊन मी नेरश्याकडून भीमगडच्या रानात गेलो होतो. तोच रस्ता, कोंगळा, गवाळीकडचा. आपण २००९ मध्ये गेलो तेव्हा कोणी हटकलं नव्हतं, आठवतं? २०११ मध्ये भीमगड अभयारण्य झालं आणि आता परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही. पावसाळ्यात तर नाहीच. मी रीतसर कागद केले. गार्डनं कागद बघितले, आमच्या पाठीवरची ओझी बघितली आणि म्हणाला, गावातलं माणूस घेतल्याशिवाय जाऊ नका. मला जरा राग आला. या रानात मी पंचवीस वर्षं फिरतोय, मला वाट काय दाखवणार? खरं गप्प बसलो ते बरं केलं.

सोबत आलेले काका साठीच्या पुढचे. पायात रबरी चप्पल, खांद्यावर घोंगडं, कमरेला कोयता अडकवायची आकडी. आमच्या पाठीवर बारा-बारा किलो, तंबू, स्टोव्ह, दोर, आणि काय काय. त्यांच्याकडं एक पिशवी, तिच्यात तंबाखू आणि दोन भाकऱ्या. भाचा माझ्या कानात म्हणाला, "मामा, यांना स्लीपिंग बॅग नको?" काकांनी ऐकलं असावं. म्हणाले, "थंडी आमच्या ओळखीची आहे."

वाटेचं वर्णन तुला काय करायचं. पाऊस गेलेला, खरं पुरता गेलेला नाही. झाडाखाली पाय ठेवला की चिखलातनं जळवा उभ्या राहून डुलायच्या, जणू हजेरी देताहेत. काकांनी तंबाखू भिजवून फडक्याची पुरचुंडी केली आणि घोट्यांना ती चोळायला लावली. मी आणलेली महागडी क्रीम पहिल्याच ओढ्यात धुवून गेली, तंबाखूचा वास मात्र घरी येईपर्यंत टिकला. बायकोनं दारातच विचारलं, कधीपासून सुरू केलं म्हणून.

एका धारेवर बसून चिरमुरे खाताना भाच्याला सांगितलं, बघ, आपल्या या एका खानापूर तालुक्यात दोन नद्या उगवतात. म्हादई पश्चिमेला पळते, गोव्यात जाऊन मांडवी होते आणि अरबी समुद्राला मिळते. कणकुंबीला माउलीच्या देवळाजवळ उगवणारी मलप्रभा पाठ फिरवून पूर्वेला निघते, सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगराजवळ धरणात थांबते आणि पुढं कुडलसंगमला कृष्णेत जाते, म्हणजे बंगालच्या उपसागरात. भाचा म्हणाला, "म्हणजे आपण इथं पाणी सांडलं तर ते कुठं जाईल हे दोन पावलांवर ठरतं." असली हुशार वाक्यं बोलतो आणि मग पाण्याची बाटली भरायला विसरतो. पंचवीस वर्षांपूर्वीचा तू, दुसरं काय.

आता मुद्द्याचं. जाताना तो मोठा नाला लागला, तेव्हा पाणी घोट्याच्या वर, पोटरीच्या खाली. दगडावर दगड ठेवल्यासारखे ओळीनं गोटे, मधे स्वच्छ वाळू. भाच्यानं उड्या मारत पार केला, फोटो काढला, झालं. काका तेवढे मधे थांबून वर बघत होते, जिथून पाणी येतं तिकडं. मी विचारलं, काय बघता? म्हणाले, "काही नाही, ओळख ठेवतो."

दुसऱ्या दिवशी परत फिरलो. दुपारी जेवून निघालो तेव्हा आमच्या डोक्यावर लख्ख ऊन. चोर्ला घाटाच्या अंगाला मात्र आभाळ काळं झालं होतं आणि मधूनच गुरगुरत होतं. आमच्यावर थेंब नाही. साडेतीनला नाल्यापाशी आलो आणि मी ओळखलाच नाही. रुंदी तेवढीच, जागा तीच, खरं पाणी दुधाच्या चहासारखं. गोटे दिसेनात. वरून पानं, काटक्या, फेस. आणि एक आवाज. लाटांचा नव्हे, खालून येणारा, ठक्, ठक्, जसं कोणी तळघरात जातं ओढतंय. काका म्हणाले, "दगड चालालेत." पाण्याखाली दगड गडगडत असले की तो आवाज येतो. ज्या पाण्यानं दगड चालतात त्यात माणसाचा पाय काय टिकणार. वरचा डोंगर जांभ्याचा, कातळावर पडलेलं पाणी थांबत नाही, तासा-दीड तासात खाली येतं. पाऊस तिकडं पडतो आणि नाला इथं भरतो, हे मला माहीत होतं. माहीत असणं आणि समोर उभं राहून बघणं यात फरक आहे.

काकांनी एक काटकी मोडली आणि पाण्याच्या अगदी कडेला चिखलात खोचली. बिडी पेटवली. बिडी अर्धी व्हायच्या आत काटकीभोवती पाणी फिरलं, आणि बिडी टाकली तेव्हा काटकीचं टोकच दिसत होतं. "चढालंय," एवढंच म्हणाले.

भाच्यानं तोवर सॅकमधून दोर काढला होता. "मामा, तुम्ही आणि तुमच्या मित्रानं केलं होतं ना, तसं करूया. मी जातो पुढं, कमरेला बांधतो." ती आपली गोष्ट या घरातही सांगून झालेली आहे, हे माझ्या लक्षात आलं. आणि खोटं कशाला बोलू, क्षणभर मलाही वाटलं, जाऊया की. पलीकडं चार-पाच तासांवर गाडी उभी, सोमवारी ऑफिस, अंतर जेमतेम तीस फूट. अरुंद जागा बघून तो तिथंच उतरायला निघाला होता. मीही पूर्वी तेच करायचो, कमी पावलं पडतील म्हणून. खरं अरुंद जागी सगळं पाणी एकवटतं, तिथंच खोल आणि तिथंच ओढ जास्त. वेग दुप्पट झाला की धक्का चौपट होतो, हे आपण दोघं शाळेत शिकलो आणि परीक्षेत लिहूनही आलो.

काकांनी दोराकडं बघितलं आणि पोराला विचारलं, "म्हस कधी पाण्यात घातलीस?"

तो म्हणाला, नाही.

"आम्ही दावं काढल्याशिवाय घालत नाही. सुटं जनावर वाहत गेलं तरी कुठं तरी कडेला लागतं. बांधलेलं बुडतं."

दोस्ता, मी तिथल्या तिथं एका दगडावर बसलो. कारण माझ्या डोळ्यांसमोर तू होतास. जुलै २००९. तू मधोमध, माझ्या हातात दोर, तो मी भेंड्याच्या झाडाला वेढा देऊन धरलेला. तुझा पाय सुटला. दोर ताणला गेला आणि तू खाली गेलास. मी जीव खाऊन ओढलं, आणि जितकं ओढलं तितकं तुझं डोकं पाण्याखाली. तुला वाटलं भोवरा आहे. मलाही. भोवरा नव्हता रे. दोरानं तू एका जागी खिळला होतास आणि मागून येणारं सगळं पाणी तुझ्या पाठीवर चढत होतं. मग तुझ्या कमरेची गाठ सुटली आणि तू वाहत जाऊन पंधरा-वीस फुटांवर वाळूच्या पट्ट्याला लागलास, खोकत आणि मला शिव्या देत.

सोळा वर्षं तू मला त्या गाठीवरून बोलतोयस. लग्नात बोललास, माझ्या घराच्या वास्तुशांतीला बोललास. "याला साधी गाठ मारता येत नाही, नशिबानं वाचलो." आणि मी सोळा वर्षं मान खाली घालून ऐकतोय, कारण गाठ मीच मारली होती. आता ऐक. गाठ सुटली म्हणूनच तू वाचलास. नीट बसली असती तर तुझ्या लेकीचा फोन मला आलाच नसता. यापुढं त्या गाठीबद्दल चकार शब्द काढायचा नाही. काढलास तर कुंदा बंद.

आम्ही परत वर गेलो. काकांच्या नात्यातल्या एका घरी पडवीत जागा मिळाली. नाचणीची भाकरी, लाल चटणी, आणि चुलीपाशी वाळत घातलेले आमचे मोजे, ज्यांच्या वासाची त्या घरच्या आजीनं जाहीर चर्चा केली. भाचा रुसून बसला होता. रात्री त्या घरातल्या बाईनं सहज सांगितलं, की पावसाळ्यात आजारी माणसाला झोळीत घालून खांद्यावरनं न्यावं लागतं, आणि नाला भरला की झोळी अलीकडं थांबते. साकव घालतात लाकडांचा, दरवर्षी वाहून जातो. हे सांगताना ती लसूण सोलत होती, हात थांबला नाही. पोरगा मग ताठ बसून ऐकायला लागला. आपल्याला सोमवारच्या ऑफिसची घाई होती.

पहाटे काकांनी उठवलं. नाल्यावर गेलो तर काटकी परत पूर्ण वर, तिच्या पायाशी फेसाची सुकलेली रेघ. तरीही ते लगेच उतरले नाहीत. आम्हाला वरच्या अंगाला दोनशे पावलं नेलं. तिथं पात्र चांगलं रुंद, पाणी तीन धारांत फुटलेलं, आणि खालच्या बाजूला ना डोह, ना आडवं पडलेलं झाड. "पडलास तर कुठं जाशील ते आधी बघायचं," हे त्यांनी भाच्याला दोनदा सांगितलं. "हितं पाण्याला उतार आहे."

बूट काढायला मी वाकलो तर ओरडले. अनवाणी पाय दगडाच्या फटीत अडकला की संपलं. बुटांसकट उतरायचं, मोजे तेवढे काढून पिशवीत. सॅकचा कमरपट्टा आणि छातीवरची क्लिप आधीच सोडायची, म्हणजे पडलो तर ओझं झटकन टाकता येतं. हे मला ठाऊक होतं, खरं आपण कधी केलं होतं का? काठी प्रवाहाच्या वरच्या बाजूला टेकवायची, तिच्यावर थोडं ओणवायचं, आणि पाय उचलायचे नाहीत, सरकवायचे. एक पाय पक्का बसेपर्यंत दुसरा हलवायचा नाही.

पहिली धार पोटरीपर्यंत. दुसरी गुडघ्याला लागली. तिथं माझ्या डाव्या पायाखालचा गोटा हळूच कलंडला. मोठं काही नाही, विटेएवढा असेल, खरं तेवढ्यात पोटात गोळा आला आणि नजर पाण्यावर गेली. पाणी सरकतंय की मीच मागं सरकतोय, कळेना. भोवळच आली. मागून काकांचा आवाज, "पाव्हणं, पाण्याकडं नको, जांभळीकडं बघा." पलीकडच्या काठावर एक वाकडी जांभूळ होती. तिच्या बुंध्यावर पांढरट बुरशीचा एक डाग होता, हाताच्या पंजाएवढा. त्या डागाकडं बघत मी उरलेला नाला पार केला. घरचे फोटो आठवणार नाहीत इतका तो डाग आठवतो.

भाचा माझ्यापेक्षा सरळ आला. पलीकडं गेल्यावर त्यानं दोर सॅकमधून काढला आणि काकांना देऊन टाकला. "म्हशीला होईल," म्हणाला. काकांनी ओढून, पीळ बघून, खुशाल ठेवून घेतला. साडेआठशे रुपयांचा होता, माझा.

तुझ्या लेकीला मी हे सगळं सांगितलंय. गुडघ्याच्या वर आणि जोराचं पाणी असेल तर परत फिरायचं किंवा सकाळपर्यंत बसायचं, हेही. पडलीच तर उताणं व्हायचं, पाय प्रवाह जातो त्या दिशेला, वर उचललेले, आणि खोल पाण्यात उभं राहायची धडपड करायची नाही. ती म्हणाली, "मग बाबांची गोष्ट खोटी?" मी म्हटलं, गोष्ट खरी आहे, बाबांना विचार. तेव्हा तू सांग तिला, तुझ्या तोंडून. माझ्याकडून ऐकलेलं तिला नियमासारखं वाटेल.

तू जानेवारीत ये. पाणी खाली गेलेलं असेल, जळवाही कमी. परवानगीचं मी बघतो. त्या काकांनाच घेऊ, तू त्यांच्याशी वाद घालशील आणि हरशील, मला ते बघायचंय. नवीन बूट विकत घेऊ नकोस, माझ्या नव्याचा तळ दुसऱ्याच दिवशी सुटला, सुतळीनं बांधून आलो. जुने, पायाला सरावलेले आण.

सॅक उद्या पार्सलनं टाकतोय. वरच्या कप्प्यात अर्धा किलो कुंदा आहे, तो तुझ्यासाठी नाही, वहिनींना दे. कमरपट्ट्याची क्लिप जाम झाली होती, तिला तेल दिलंय. आता एका अंगठ्यानं सुटते. लेकीला डोळे मिटून चार-पाच वेळा सोडायला लाव.

तुझाच,
गाठ न येणारा