आई-पप्पांना, पुण्याहून

प्रिय आई आणि पप्पा,
प्रभूच्या नावात सलाम.

फोनवर सांगायला गेले की आई रडते आणि पप्पा फोन हातात घेऊन "जेवलीस का?" एवढंच विचारतात, म्हणून लिहिते आहे. मूल व्हावं म्हणून चाललेली ट्रीटमेंट आम्ही थांबवली. पुन्हा सुरू करायची नाही. दत्तकासाठी 'कारा' या सरकारी दत्तक संस्थेच्या पोर्टलवर नाव नोंदवलं आहे. दोघांनी मिळून ठरवलंय, अनिलने मला किंवा मी अनिलला ओढलेलं नाही.

पैशांचं कारण नाही, तेव्हा आई, तुझ्या पाटल्या कपाटातच राहू दे. खरं सांगायचं तर अंग थकलं होतं. सुयांनी पोट हिरवंनिळं व्हायचं, ते तुला दाखवायचं नव्हतं. उपासनेत गीत सुरू झालं तरी माझे ओठ हलायचे नाहीत. थांबवल्यानंतर बरेच दिवस मी नुसती झोपून राहिले. अनिल खिचडी टाकायचा, मी खायचे, परत झोपायचे. प्रार्थनासुद्धा नाही. मग बायबलमधला एलीया संदेष्टा आठवला. कर्मेल डोंगरावर एवढा विजय मिळवला, आणि लगेच रतामाच्या झुडपाखाली पडून मरण मागतो. देवदूत त्याला एका शब्दानेही रागावत नाही. ऊठ, खा म्हणतो. निखाऱ्यावरची भाकर नि पाणी. खाऊन गडी परत झोपतो! दुसऱ्यांदा खाल्ल्यावर कुठे त्याला होरेब डोंगरापर्यंत चाळीस दिवस चालायचं बळ येतं. माझी ती झोपही परमेश्वराची वाट पाहण्यातच जमा होती, असं मी धरून चालले आहे. पाळकसाहेबांना पटेल न पटेल.

पप्पा, तुमच्या शास्त्रात यशयाचा चाळिसावा अध्याय लाल पेन्सिलीने रंगलेला आहे ना? सगळे उपदेश त्यातल्या गरुडाच्या पंखांवर होतात. मला शेवटचं ते 'चालतील तरी थकणार नाहीत' जवळचं वाटतं. उठावं, डबा करावा, ऑफिसला जावं, शेजारणीच्या बारशाला जाऊन पाळण्याची दोरी हातात धरावी. एवढी शक्ती परत आली आहे. मूल मिळणार असं कुणी लिहून दिलं म्हणून नाही, हातात काहीच नसताना आली. तुम्ही दोघांनी एवढं एक समजून घ्या, बाकीचं नाही पटलं तरी चालेल.

आता पप्पांचे प्रश्न, आपल्याला दत्तक घेता येतं का आणि मूल कायद्याने आपलं होतं का. हो, पूर्वी आपल्या ख्रिस्ती लोकांना दत्तक घेता येत नसे. 1890 च्या कायद्याखाली नुसतं पालकत्व मिळायचं. आता बाल न्याय कायद्यात धर्माची अट नाही. दत्तकाचा आदेश जिल्हाधिकारी देतात, आणि मूल सगळ्या हक्कांसह आपलं होतं, म्हणजे तुमचं नातवंड. नवरा-बायकोच्या वयांची बेरीज 85 पर्यंत असेल तर दोन वर्षांच्या आतलं बाळ मिळू शकतं, आमची बसते. यादी मात्र मोठी आहे. वर्षं जातील.

आणि वर्षांचं मला काय सांगता, बाप्पा! 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सदरच्या ऑल सेंट्स चर्चमध्ये सहा मंडळ्यांची मिळून उत्तर भारताची एक मंडळी झाली, ती गोष्ट तुम्ही आम्हाला दर नाताळात ऐकवता. बोलणी 1929 पासूनची. आजोबा म्हणायचे, सुरुवात करणाऱ्यांतले कितीतरी तो दिवस बघायला राहिले नाहीत. लहानपणी त्याचं मला वाईट वाटायचं. आता नाही वाटत.

तुमची अजनीची नाइट ड्युटी असली की मी दात न घासता फाटकाशी उभी राहायचे. आई ओरडायची, "येतील ना गं, येतीलच!" रात्रीचे पहारेकरी पहाटेची वाट पाहतात ते स्तोत्र ऐकलं की मला अजून तेच फाटक दिसतं, आणि तुमच्या डब्यात माझ्यासाठी राखलेली अर्धी पोळी.

आई, तुझ्या उपासांना फळ आलं नाही असं मनात आणू नकोस. मी आज उभी आहे ती त्या उपासांवरच. पण आता गुरुवारचा उपास सोड. गोळी घेऊन उपाशी राहायचं वय नाही तुझं. महिला संगतीत माझ्या पोटासाठी प्रार्थना मागू नकोस, मला अवघडल्यासारखं होतं. मागायचीच असेल तर जे कुठलं लेकरू आज कुणाच्या तरी मांडीवर आहे, त्याला नीट सांभाळलं जावं म्हणून माग.

कूलरच्या वाळ्याच्या ताट्या बदलायला माणूस शनिवारी येईल, पैसे दिलेले आहेत. तुम्ही पुन्हा देऊ नका. पप्पांनी स्टुलावर चढायचं नाही. सकाळी अकरानंतर बर्डीच्या बाजारात जायचं नाही, संध्याकाळी जा, ऊन लागू नये म्हणून कांदा खिशात ठेवून उन्हात फिरण्यापेक्षा ते बरं. फास्टिंग शुगर या आठवड्यात, आणि रिपोर्टचा फोटो मला, काकांना नाही.

दत्तकाआधी घर बघायला, होम स्टडीला, येणारी बाई आजी-आजोबांना काय वाटतं तेही विचारेल. कदाचित तुम्हाला फोन करेल. मला बरं वाटावं म्हणून गोड बोलू नका. जे वाटतं ते सांगा. धास्ती वाटत असली तर तीही सांगा, आम्हालाही वाटते. आई, रडू आलं तर पप्पांकडे फोन दे, फक्त त्यांना आधी बजावून ठेव की तिला जेवलीस का विचारायचं नाही.

तुमची,
बेबी